जुनी भिंगे, नवे कॅमेरे आणि मधले कडे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सव म्हटला की शाळेच्या भिंतींवर जुनी छायाचित्रे लागतात. पहिली तुकडी, स्नेहसंमेलनातील नाटक, प्रभातफेरी, वर्षासहल, निरोप समारंभ. त्या कृष्णधवल चित्रांपुढे माणसे घुटमळतात, बोटाने चेहरे दाखवतात. कोणाचे नाव चटकन आठवते, कोणाचे ओठांवर येऊन थांबते. चित्रांचे असे कौतुक होते. परंतु ती ज्या भिंगांतून उतरली, त्या भिंगांची आठवण सहसा निघत नाही. वडिलांनी पहिल्या पगारवाढीत घेतलेला, मामांनी परदेशाहून येताना आणलेला कॅमेरा चामडी पेटीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतो. फिल्म सहज मिळत नाही, धुऊन देणारा जवळपास राहिला नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत तो एके वर्षी मोडीत जातो. कॅमेऱ्याचे दिवस संपले हे खरेच. पण भिंगाचे दिवस संपलेले नाहीत. जुने भिंग आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर एका साध्या कड्याच्या, म्हणजे अडॅप्टरच्या, साहाय्याने बसते आणि उत्तम काम देते. हे कसे घडते, कोठे अडते आणि त्यातून शाळेसारख्या संस्थेने काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

विषय समजून घेण्यासाठी चंडीगड या शहराकडे वळणे सोयीचे ठरेल. कारण त्या शहराचे बांधकाम आणि त्याचे छायाचित्रण ही दोन्ही कामे जोडीने झाली. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते चंडीगडची कोनशिला बसली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांच्याबरोबर तरुण भारतीय वास्तुविशारदांचे व नगररचनाकारांचे एक पथक तेथे राबत होते. त्या पथकात ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशी नावे आढळतात, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे. त्याच पथकातील जीत मल्होत्रा यांनी उभ्या राहणाऱ्या शहराची छायाचित्रे टिपली. जानरे स्वतःही कॅमेरा बाळगून असत. हंगेरीत जन्मलेले फ्रेंच छायाचित्रकार लुसियाँ एर्व्हे १९५५ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये चंडीगडला आले. उन्हाने तापलेला उघडा काँक्रीट आणि त्यावर पडलेली काळीकुट्ट सावली यांची त्यांनी घेतलेली चित्रे जगभर गेली. आज ज्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ पासून जागतिक वारसास्थळाचा मान आहे, त्याची पहिली ओळख जगाला या भिंगांनीच करून दिली.

आता भिंगाकडे येऊ. भिंगाचे काम एकच: समोरच्या दृश्यातून आलेला प्रकाश वळवून तो मागच्या एका पातळीवर नेमका गोळा करणे. पूर्वी त्या पातळीवर फिल्म असे, आता संवेदक म्हणजे सेन्सर असतो. दूरचे दृश्य स्पष्ट उमटायचे तर भिंगाची बैठक आणि ही पातळी यांच्यातील अंतर ठरल्याप्रमाणेच असावे लागते. प्रत्येक कंपनीने हे अंतर आपापले ठरवले. निकॉनने १९५९ मध्ये आपल्या एफ कॅमेऱ्यासाठी ते ४६.५ मिलिमीटर धरले. पेंटॅक्स, झेनिट आणि इतर अनेक कॅमेऱ्यांनी वापरलेल्या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या बैठकीचे अंतर ४५.४६ मिलिमीटर होते. मिनोल्टाचे ४३.५, कॅननच्या जुन्या एफडी मालिकेचे ४२. एवढे मोठे अंतर ठेवण्यामागे कारण होते. या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागे तिरका आरसा असे; तो दृश्य वरच्या नेत्रिकेकडे पाठवी आणि खटका दाबताच उचलला जाई. आरशाला हालचाल करायला जागा हवी, म्हणून भिंग पुढे सरकलेले.

मिररलेस कॅमेऱ्याने हा आरसाच काढून टाकला. संवेदकावर पडलेले दृश्य थेट छोट्या पडद्यावर दाखवले की आरशाची गरज उरत नाही. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी-१ आला, २०१० मध्ये सोनीने ई बैठकीचे कॅमेरे आणले आणि २०१८ मध्ये निकॉनने झेड व कॅननने आरएफ बैठक आणली. आरसा गेल्यामुळे बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर एकदम घटले. सोनीच्या ई बैठकीत ते १८ मिलिमीटर आहे, निकॉनच्या झेड बैठकीत १६, कॅननच्या आरएफ बैठकीत २०.

येथून पुढचे गणित प्राथमिक शाळेतील वजाबाकीचे आहे. निकॉनचे जुने भिंग ४६.५ मिलिमीटर अंतर मागते, नवा झेड कॅमेरा १६ देतो, राहिले ३०.५. तेवढ्या लांबीचे पोकळ कडे मध्ये बसवले की भिंगाला वाटते आपण जुन्याच घरी आहोत. ४२ मिलिमीटर आट्यांचे भिंग सोनीवर लावायचे तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटरचे कडे. या कड्यात काच नसते. एका बाजूला जुन्या भिंगाची बैठक, दुसऱ्या बाजूला नव्या कॅमेऱ्याची, मध्ये निव्वळ हवा. चित्रात ते स्वतःचे काहीच मिसळत नाही. दोघांना नेमक्या अंतरावर धरून ठेवते, एवढेच.

मात्र ही वजाबाकी उलट दिशेने चालत नाही. १९८७ मध्ये कॅननने स्वयंचलित केंद्रीकरणासाठी ईएफ ही नवी बैठक आणली. तिचे अंतर ४४ मिलिमीटर, जुन्या एफडीचे ४२. म्हणजे नवे घर जुन्यापेक्षा दोन मिलिमीटरने खोल. उणे दोन मिलिमीटरचे कडे कोणत्याही लोहाराला घडवता येत नाही! काचेची भर घालून तोडगा काढावा लागे आणि त्यात चित्राची प्रत उतरे. एफडी भिंगांचे अनेक मालक अशा रीतीने एका रात्रीत मागे पडले. तीच भिंगे आज कॅननच्याच आरएफ कॅमेऱ्यावर २२ मिलिमीटरच्या साध्या कड्याने, काचेविना बसतात. नव्याने आपल्या आतील जागा कमी व्यापली, म्हणून जुन्याला सामावून घेणे त्याला शक्य झाले.

कडे साधे असले तरी ते नेमके असावे लागते. समजा, ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी घेतलेले कडे केवळ एक दशांश मिलिमीटरने जाड निघाले. भिंग अनंतावर फिरवूनही मग स्पष्टता सुमारे २५ मीटरपर्यंतच पोचते. त्यापलीकडचे सारे धूसर. २८ मिलिमीटरच्या भिंगाला तेवढीच चूक झाली तर मर्यादा आठ मीटरवर येते. कॅपिटॉल संकुलात विधानसभा आणि उच्च न्यायालय समोरासमोर आहेत, मधले पटांगण शेकडो मीटरांचे. असे कडे लावलेला कॅमेरा त्या पटांगणात जवळच्या माणसाचा चेहरा चांगला टिपेल, पण मागची वास्तू हरवेल. म्हणूनच अनेक कारागीर कडे किंचित कमी जाडीचे करतात. मग भिंग अनंताच्याही थोडे पुढे फिरते, त्यावरील अंतराचे आकडे काटेकोर राहत नाहीत, पण दूरचे दृश्य हाती येते. कडे विकत घेताना ते घट्ट बसते का, भिंग डुगडुगत नाही ना आणि दूरचा खांब स्वच्छ दिसतो का, या तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात.

चंडीगडच्याच सेक्टर ३० मध्ये याच अनंताशी निगडित काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली. ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणारे उपकरण तिने विकसित केले. त्यातील अक्षरे काचेवर उमटतात, पण भिंगांच्या रचनेमुळे डोळ्यांना ती अनंतावर असल्यासारखी भासतात. वैमानिकाला आकाश आणि आकडे एकाच वेळी स्पष्ट दिसतात. नजर जवळ-दूर करावी लागत नाही. दहावीच्या पुस्तकात भिंगाच्या नाभीची आकृती काढणाऱ्या मुलांना ही दोन उदाहरणे जरूर सांगावीत. नाभी हा केवळ दोन गुणांचा प्रश्न नाही, हे त्यांना पटेल.

जुन्या भिंगाकडून काय मिळते आणि काय गमावते, याचाही स्वच्छ हिशेब मांडला पाहिजे. साध्या कड्यातून विजेचे संदेश जात नाहीत. केंद्रीकरण हाताने करावे लागते, प्रकाशछिद्र भिंगावरील कड्याने लहान-मोठे करावे लागते आणि कोणते भिंग वापरले याची नोंद चित्राबरोबर होत नाही. कॅमेऱ्याला भिंगाचा पत्ताच लागत नसल्याने ‘भिंगाविना खटका’ ही सोय सूचीतून सुरू करावी लागते. ज्या कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरण्याची योजना आहे, त्यात भिंगाची नाभीलांबी आकड्यांत भरून द्यावी लागते. अन्यथा ती योजना चुकीचे सावरते. ४२ मिलिमीटरच्या काही भिंगांवर ‘ए’ आणि ‘एम’ अशी कळ असते. ती ‘एम’वर नसेल तर छिद्र उघडेच राहते आणि नवखा माणूस कड्याला दोष देतो. दुसऱ्या बाजूला नव्या कॅमेऱ्याची मदतही मोठी आहे. छिद्र लहान केले तरी पडद्यावरचे दृश्य अंधारत नाही, चित्राचा भाग मोठा करून पाहता येतो आणि स्पष्ट कडा रंगाने उजळून दाखवल्या जातात. जुन्या कॅमेऱ्यावर त्याच भिंगाने जितके अचूक केंद्रीकरण साधे, त्याहून अधिक आज साधते.

संवेदकाच्या आकाराचाही विचार हवा. जुनी भिंगे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेली होती. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांचा संवेदक त्याहून लहान, सुमारे दीडपटीने कमी असतो. तो चित्राचा मधला भागच घेतो. चंडीगडचे सचिवालय २५४ मीटर लांब आहे. पूर्ण आकाराच्या संवेदकावर २८ मिलिमीटरच्या भिंगाने ती इमारत समोरून चित्रात मावायची तर सुमारे २०० मीटर मागे जावे लागेल. लहान संवेदकावर ३०० मीटर. म्हणजे विस्तृत दृश्यासाठी जुने भिंग लहान संवेदकावर अपुरे पडते, तर दूरचा पक्षी किंवा व्यासपीठावरचे मूल टिपण्यासाठी तेच अधिक उपयोगी ठरते. जुन्या भिंगांवरील लेपही आजच्याइतके प्रभावी नसत. सूर्य समोर आला की चित्र पांढुरके होते. हाताची आडोशी धरली किंवा भिंगाला टोपडे लावले की पुष्कळ सुधारणा होते.

घरातील कॅमेऱ्याविषयी दोन शब्द. आधी भिंग सुटे होते का ते पाहावे. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांचे भिंग कायमचे जडवलेले असते. ते वेगळे करून लावण्याच्या फंदात पडू नये. भिंग सुटे असेल तर ते उजेडासमोर धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातील पावसाळ्यात ती हमखास धरते आणि चंडीगडसारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या गावीही श्रावणातील दमटपणात तिला वाव मिळतो. तिने लेप खाल्ला की तो परत येत नाही. भिंग चामडी पेटीत न ठेवता बंद डब्यात आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. जड भिंग लावल्यावर कॅमेऱ्याला न पेलता भिंगाला पेलावे. नाहीतर सारा भार त्या कड्यावर येतो.

आता शाळेशी थेट संबंध असलेला मुद्दा. शाळांच्या, मंडळांच्या आणि कुटुंबांच्या जुन्या निगेटिव्ह अजून खोक्यांत पडून आहेत. त्या काळातील बहुतेक फिल्म ॲसिटेटच्या पायावर घडलेल्या. उष्णता आणि दमटपणा यांनी हा पाया हळूहळू विघटित होतो. खोके उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते, सुरकुतते आणि अखेर तिच्यावरील चित्र सुटते. एकदा ही क्रिया सुरू झाली की ती वाढतच जाते. वास येऊ लागलेली निगेटिव्ह पुढच्या महोत्सवाची वाट पाहणार नाही.

याच कामी जुने भिंग आणि नवा कॅमेरा यांची जोडी अत्यंत उपयोगी आहे. अगदी जवळून टिपण्यासाठी घडवलेले जुने मॅक्रो भिंग, उदाहरणार्थ ५५ मिलिमीटरचे मायक्रो-निक्कॉर, कड्याने मिररलेस कॅमेऱ्यावर लावावे. एकसारखा प्रकाश देणाऱ्या पांढऱ्या दिव्याच्या पाटीवर निगेटिव्ह सपाट ठेवावी. कॅमेरा तिच्याशी समांतर, स्थिर बसवावा आणि एकेक चित्र उतरवून घ्यावे. निगेटिव्ह हलत नाही, त्यामुळे हाताने केंद्रीकरण करण्याचा तोटा येथे उरतच नाही. पुढे संगणकावर काळ्याचे पांढरे केले की साठ वर्षांपूर्वीचा वर्ग समोर उभा राहतो. बहुधा ज्या पिढीच्या भिंगाने ते चित्र टिपले, त्याच पिढीच्या भिंगाने ते वाचवले जाते. नववीच्या चार मुलांनी आणि एका माजी विद्यार्थ्याने सुटीतील काही दिवस दिले तर खोकेच्या खोके वाचेल. त्याबरोबर आणखी एक काम व्हावे: प्रत्येक चित्रातील नावे लिहून घ्यावीत. कारण चित्र यंत्राने वाचवता येते. त्यातले तिसऱ्या रांगेतील मूल कोण, हे मात्र आज हयात असलेली माणसेच सांगू शकतात.

जुन्या वस्तूचे मोल वेळेवर न ओळखण्याची किंमत चंडीगडने स्वतः मोजली आहे. कचेऱ्या, महाविद्यालये आणि ग्रंथालये यांसाठी जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेत वापरून खुर्च्या, मेजे, कपाटे घडवली गेली. पुढे ती जुनाट वाटू लागली, गच्चीवर आणि आवारात रचली गेली आणि मोडीच्या भावाने लिलावात निघाली. ज्यांना त्यांचे मोल ठाऊक होते त्यांनी ती उचलली, दुरुस्त केली आणि परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना विकली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा फर्निचरच्या विक्रीवर व निर्यातीवर निर्बंध घातले. पण तोवर बरेच काही निघून गेले होते.

याच शहरात याच्या उलट उदाहरणही आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी नव्या राजधानीसाठी हटवलेल्या गावांतील आणि बांधकामांवरील टाकाऊ वस्तू गोळा केल्या. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, फरश्या यांतून त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप एक सृष्टी उभारली. १९७६ मध्ये ती ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांना खुली झाली आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. एकाच गावात एकाने खुर्ची टाकली आणि एकाने फुटकी बांगडी उचलली. फरक वस्तूंत नव्हता, पाहणाऱ्यात होता.

मराठी माध्यमाच्या शाळेच्या आवारात हे सांगताना पालकांच्या मनातील प्रश्न टाळता येत नाही. मूल उद्या इंग्रजीतून विज्ञान शिकेल, परप्रांतात किंवा परदेशी नोकरी करेल. मग मराठीतून घेतलेले शिक्षण त्याच्या कामी येईल का, हा तो प्रश्न. उपमा फार ताणू नये; परंतु भिंगाच्या उदाहरणाने त्याची एक बाजू स्पष्ट होते. मातृभाषेतून जे नेमके पाहायला शिकवले गेले, ते भिंग कोणत्याही नव्या कॅमेऱ्यावर चालते. त्यासाठी मधले कडे मात्र अचूक हवे. मराठीत समजलेली संकल्पना इंग्रजी परिभाषेशी जोडून देणारा शिक्षक, अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत धीर देणारे पालक आणि त्या वाटेने आधी गेलेले माजी विद्यार्थी, हे ते कडे. ते नसेल तर चांगले भिंगही धूसर दाखवते आणि दोष भिंगाला लागतो. ही जोडणी आपोआप होत नाही, हेही प्रांजळपणे मानले पाहिजे. एक दशांश मिलिमीटरची हयगय २५ मीटरपलीकडचे जग पुसून टाकते. शाळेतील हयगयही अशीच लांबवर जाणवते.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. घरातील जुना कॅमेरा मोडीत देण्यापूर्वी त्याचे भिंग एकदा उजेडासमोर धरून पाहावे. चांगले निघाले तर स्वतः वापरावे, नको असल्यास शाळेच्या मुलांना द्यावे. आणि जुन्या निगेटिव्हचे खोके असेल तर ते उघडून वास घ्यावा. आंबट वास येत असेल तर त्याच आठवड्यात कामाला लागावे. येत नसेल तर अजून थोडा अवधी हाती आहे, असे समजून कामाला लागावे.